मधल्या खांबाविना

आमची फियाट मेली ती दरवाजामुळे.

वडिलांनी १९८७ साली सांगलीत सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. कागदोपत्री पद्मिनी, घरात, गल्लीत आणि गॅरेजात ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. आठेक वर्षांनी पत्र्याला फोड आले म्हणून वडिलांनी तिला डेंटिंग-पेंटिंगला दिलं. वीस दिवसांनी गाडी परत आली तेव्हा आईने तिला ओवाळलं, इतकी ती देखणी झाली होती. दोन पावसाळे गेले आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा लागेना. आधी किंचित उचलून लावावा लागे, मग आपटून, मग गुडघ्याने रेटून. बिजागऱ्या बदलल्या, कुलूप बदललं. शेवटी एका म्हाताऱ्या डेंटरने दरवाजा उघडला, खाली बसून उंबऱ्याच्या पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतून पुट्टीचे तुकडे निघाले आणि त्यामागून वर्तमानपत्राचे बोळे. तो वडिलांना म्हणाला, “साहेब, दरवाजाला काही झालेलं नाही. दरवाजा ज्याच्यात बसतो ते वाकलंय. हिची हाडं गेली.”

गाडी भंगारात गेली. मी मात्र त्या ‘हाडं’ शब्दापाशी अडकलो. माझी समजूत अशी की गाडीची हाडं खाली असतात, ट्रकला असतात तशी. दोन लांब तुळया, त्यांना चाकं, आणि वर ठेवलेली पत्र्याची पेटी. पेटी गंजली तर पेटी बदलावी. मी कॉमर्सचा, पुढे बँकेत कारकून. मला हे समजावणारं कुणी नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मोटारीवरची जी पुस्तकं मिळाली ती वाचत गेलो, पुढे शब्दकोश उशाशी घेऊन इटालियनही वाचू लागलो. या सगळ्या वाचनाने मला एकाच गाडीपाशी आणून सोडलं. लान्चा ऑरेलिया, आणि तिच्यातही तिची चार दारांची वेगवान आवृत्ती, बी-२२. (आपण ‘लान्सिया’ वाचतो; इटालियन माणूस ‘लान्चा’ म्हणतो.) १९५२-५३ या काळात ती जेमतेम हजाराच्या आसपास बांधली गेली. आमच्या फियाटचा दरवाजा का लागत नव्हता, याचं उत्तर मला या गाडीने दिलं.

कारण ऑरेलियाला मधला खांबच नाही.

आपल्या कुठल्याही चार दारांच्या गाडीत पुढचा दरवाजा जिथे संपतो आणि मागचा जिथे सुरू होतो, तिथे उंबऱ्यापासून छतापर्यंत एक खांब असतो. ऑरेलियात तो नाही. पुढच्या दरवाजाच्या बिजागऱ्या पुढे, मागच्याच्या मागे, आणि दोन्ही दरवाजे वाड्याच्या दिंडीसारखे मधोमध एकमेकांना भेटतात. त्यांची कुलपं वर छताच्या कडेत आणि खाली उंबऱ्यात अडकतात. दोन्ही उघडले की गाडीची कूस सबंध मोकळी. नऊवारी नेसलेली आजीसुद्धा न वाकता आत जाईल, असं मला पहिला फोटो पाहताना वाटलं होतं. दुसरा विचार आला तो भीतीचा: मग हिचं छत कशावर उभं आहे? हिला धरून कोण ठेवतं?

उत्तरासाठी १९२२ सालात जावं लागतं. व्हिन्चेन्झो लान्चा हा मूळचा फियाटचा शर्यतपटू. १९०६ मध्ये क्लाउदिओ फोगोलिन या फियाटमधल्याच सहकाऱ्याबरोबर त्याने तोरिनोत, म्हणजे आपल्या नकाशातल्या ट्युरिनमध्ये, स्वतःचा कारखाना काढला. गाड्यांना तो ग्रीक अक्षरांची नावं देत असे. १९२२ च्या पॅरिस आणि लंडनच्या प्रदर्शनांत त्याने ‘लाम्ब्दा’ मांडली आणि मोटारीच्या खालच्या तुळयाच काढून टाकल्या. जहाजाला कुठे वेगळा पाट असतो? त्याची कूस हाच त्याचा सांगाडा. तसंच त्याने मोटारीच्या पत्र्यालाच भार वाहायला लावलं. काड्यापेटीचं उदाहरण मला सोपं वाटतं. आतला ट्रे नुसता हातात घेऊन पिळला तर लगेच पिळतो. बाहेरच्या टरफलात सरकवल्यावर पिळून पाहा. कागद तोच, फक्त आकार बंद झाला. गाडी हलकी झाली, तिची बैठक खाली आली आणि रस्त्याला ती घट्ट धरू लागली.

फियाटच्या आधीच्या ११०० ला वेगळा पाट होता. १९५३ मध्ये फियाटने नवी ११०० काढली ती बिनपाटाची. तिचीच पुढची आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. म्हणजे आमच्या दारातल्या गाडीच्या पत्र्यात तोरिनोतलीच कल्पना होती, आणि तिला रंग फासणाऱ्या त्या गॅरेजला ते ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं. याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.

लान्चाने पुढचं पाऊल ‘आप्रिलिया’त टाकलं. बंद छत, चार दरवाजे, मधला खांब नाही, आणि वारा कापण्यासाठी घासून गोल केलेली पाठ. अवघ्या १३५२ सीसीच्या इंजिनावर ती ताशी सव्वाशे किलोमीटरपर्यंत जाई. १९३७ साली हे साधं नव्हतं. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, आप्रिलियाचं उत्पादन रुळायच्या आत, व्हिन्चेन्झो हृदयविकाराने वारला. वय ५५. कारखाना त्याच्या पत्नीने, आदेलेने, सांभाळला आणि युद्धानंतर मुलगा जान्नी सूत्रं हाती घेऊ लागला. जान्नीचा जन्म १९२४ चा, म्हणजे पुरती पंचविशीही झालेली नव्हती.

युद्धाच्या काळात याच कारखान्यात फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ नावाचा एक अभियंता कागदावर एक कोडं सोडवत होता. सहा सिलिंडरचं इंजिन एका ओळीत मांडलं तर ते गुळगुळीत चालतं, पण लांबलचक होतं. तीन-तीनच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडल्या तर इंजिन आखूड होतं, पण थरथरतं, कारण तीन सिलिंडरची ओळ स्वतःत समतोल नसते, तिची दोन टोकं आळीपाळीने वरखाली डोलतात. म्हणून बाकीचे या वाटेला फारसे गेले नव्हते. दे व्हिर्जिलिओने गणित मांडून दाखवलं की दोन ओळींमध्ये ६० अंशांचा कोन ठेवला आणि प्रत्येक पिस्टनच्या दांड्याला क्रँकवर स्वतंत्र खुंटी दिली, तर सहा स्फोट अगदी सारख्या अंतराने होतात आणि थरथर सोसण्याइतकी उरते. याआधी ४५ अंशांचं इंजिनही बांधून पाहिलं होतं. हे सगळं तक्ते आणि पट्टी घेऊन. मी स्वतः ते आकडे पुन्हा मांडून पाहण्याचा उद्योग एका मे महिन्यात केला. तीन आठवडे गेले आणि दोनदा चुकलो.

मे १९५० मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात ऑरेलिया आली. रोमहून पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या प्राचीन रोमन रस्त्याचं हे नाव. नियमित उत्पादनात व्ही-सहा इंजिन असलेली ही जगातली पहिली मोटार. तांत्रिक कारभार व्हित्तोरिओ यानो याच्याकडे होता. आधी आल्फा रोमिओच्या नामांकित शर्यतगाड्या केलेला माणूस. इंजिन १७५४ सीसी आणि ताकद ५६ अश्वशक्ती, म्हणजे आकडे बेताचे. गंमत आहे ती मांडणीत. इंजिन पुढे, पण क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागचे ब्रेक हे सगळं एका गठ्ठ्यात मागे. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखे हंडे, असं वजन वाटलेलं. मागची दोन चाकं तिरप्या बाहूंवर एकमेकांपासून स्वतंत्र. ही रचनाही उत्पादनातल्या मोटारीत आधी कुणी केलेली नव्हती. स्टिअरिंग उजवीकडे! इटलीत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, तरी लान्चा हट्टाने पन्नासच्या दशकापर्यंत उजवं स्टिअरिंग देत राहिली. आल्प्सच्या घाटात ड्रायव्हरला दरीची कड दिसावी म्हणून, असं सांगतात. गिअरचा दांडा आमच्या फियाटसारखा स्टिअरिंगलाच.

तिच्या दोन दारांच्या बी-२० या भावंडाने नाव काढलं. १९५१ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत जोव्हान्नी ब्राक्को दोन लिटरच्या बी-२० मध्ये दुसरा आला, ४.१ लिटरच्या फेरारीच्या पाठोपाठ. १९५२ ची तार्गा फ्लोरिओ बोनेत्तोने जिंकली आणि दुसरा-तिसरा क्रमांकही ऑरेलियांचेच होते. १९५४ ची माँते कार्लो रॅली लुई शिराँने मारली. बी-२२ ही याच कुळातली, पण घरगुती वेषातली. तेच दोन लिटरचं, १९९१ सीसीचं इंजिन, दुहेरी घशाचा वेबर कार्ब्युरेटर, ९० अश्वशक्ती आणि ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेग. बाहेरून मात्र एखाद्या सज्जन डॉक्टरची गाडी वाटावी. मला ती आवडते ती याचसाठी.

एवढी चांगली गाडी बनवून कारखाना बुडाला. माझ्या मते ‘बनवूनही’ म्हणण्यापेक्षा ‘बनवून’ म्हणणंच बरोबर. प्रत्येक सुटा भाग महागात पडायचा, आणि जान्नीला हिशेबापेक्षा गाड्यांचा सोस अधिक. त्यातच त्याने फॉर्म्युला वनमध्ये उडी घेतली. यानोने डी-५० ही अफलातून शर्यतगाडी बांधली. २२ मे १९५५ ला मोनाकोत आल्बेर्तो आस्कारी तिच्यासकट बंदरातल्या पाण्यात पडला आणि वाचला. चारच दिवसांनी मोन्झाला एक फेरारी चालवून पाहताना गेला. जुलैमध्ये लान्चाने आपल्या साऱ्या शर्यतगाड्या फेरारीच्या हवाली केल्या. पुढल्या वर्षी फान्जिओने त्यांच्याच जोरावर विश्वविजेतेपद मिळवलं. कुटुंबाच्या हातून कंपनी कार्लो पेसेन्ती या सिमेंटवाल्या उद्योगपतीकडे गेली आणि १९६९ मध्ये फियाटने घेतली. व्हिन्चेन्झो ज्या घरातून बाहेर पडला होता त्याच घरात कंपनी परतली.

आता मूळ मुद्दा. या गाडीला जे गुण म्हणून दिलं गेलं, तेच आज तिच्या जिवावर उठलेलं आहे.

माझा भाचा तोरिनोत नोकरीला होता. २०१८ मध्ये त्याच्याकडे राहिलो आणि त्याच्या ओळखीने शहराबाहेरच्या एका छोट्या गॅरेजात तीन दिवस बसून राहण्याची परवानगी मिळवली. मालक सत्तरीचे होते. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा. आपण त्यांना मायस्त्रो म्हणू, भाचाही तेच म्हणत होता. त्यांच्याकडे एक बी-२२ उघडी करून ठेवली होती. मी पुस्तकी प्रश्न विचारत होतो, भाचा मध्ये दुभाष्या. पहिल्या दिवशी त्यांनी कशाचंच उत्तर दिलं नाही. मला गाडीपाशी नेलं आणि खुणेने दरवाजा लावायला सांगितला.

पुढचा लावला, मग मागचा. वरच्या बाजूला दोन्हींच्या कडा एकमेकींवर घासल्या. खाली मात्र करंगळी जाईल एवढी फट.

मी म्हणालो, “उंबरा.” भाच्याने ते भाषांतरित करायच्या आधीच मायस्त्रो हसले.

तर ते असं असतं. खांब नाही, म्हणून दरवाजे उघडे असताना पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवण्याचं जवळजवळ सगळं काम जमीन आणि तिच्या दोन कडांना असलेले पोकळ उंबरे करतात. पोकळ उंबऱ्यात पाणी शिरतं, चिखल साचतो आणि पत्रा आतून गंजत जातो. बाहेरून रंग शाबूत. उंबरा हरला की गाडी मधोमध खाली झोपते, कारण तिला आधार फक्त दोन टोकांना, चाकांवर. मध्य खाली गेला की बिजागऱ्यांचे पुढचे-मागचे खांब वरून एकमेकांकडे कलतात. म्हणून दरवाजे वर घासतात आणि खाली फाकतात. अनाडी माणूस अशा वेळी दरवाजाची कड कानशीने घासतो. दरवाजा लागतो, आणि गाडीने सांगितलेली एकमेव खरी गोष्ट पुसली जाते. आमच्या फियाटला मधला खांब होता, म्हणून तिने हे उशिरा आणि अस्पष्ट सांगितलं, सांगितलं तेच.

उंबरा बदलण्याची रीत त्या तीन दिवसांत पाहिली. आधी गाडी चाकांच्या आधारांवर उभी करून मापं घ्यायची. मग जॅकने मध्य हळूहळू उचलायचा, दरवाजांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होईतो. मग दरवाजांच्या मोकळ्या चौकटींत आडव्या-तिरप्या लोखंडी नळ्या वेल्ड करून गाडीला त्याच स्थितीत जखडायचं. त्यानंतर कापायला घ्यायचं, तेही एका वेळी एकच बाजू आणि पुन्हा पुन्हा मोजत. वाकलेल्या अवस्थेत नवा उंबरा जोडला तर वाकलेली गाडी कायमची पक्की होते. आमच्या फियाटचं असलं काही केलं असतं तर ती वाचली असती का, हा प्रश्न मी मायस्त्रोंना विचारला. त्यांनी विचारलं, केवढ्याची गाडी होती? मी सांगितलं. ते म्हणाले, मग नाही.

बाकीची देखभालही याच जातीची. क्लच मागे असल्यामुळे मधला लांब शाफ्ट इंजिनाच्या वेगाने सतत फिरत असतो, गाडी सिग्नलला उभी असली आणि क्लच दाबलेला असला तरी. त्यातले रबरी जॉइंट वयाने कडक झाले किंवा शाफ्टचं संतुलन केसभर ढळलं की सगळी गाडी गुणगुणते, आणि माणूस इंजिन उघडून बसतो. मागचे ब्रेक चाकांत नसून आत डिफरन्शियलला चिकटून आहेत. वजनाच्या दृष्टीने उत्तम. पण ऑइल सील गळलं की तेल थेट ब्रेकच्या लायनिंगवर, आणि तिथे हात घालायला चाक काढून भागत नाही, गाडीखाली झोपावं लागतं. पुढची चाकं उभ्या खांबांवर वरखाली सरकतात. स्प्रिंग त्या खांबातच, तेलात बुडालेली. तेल वेळेवर पाहिलं नाही तर बुश झिजतात आणि स्टिअरिंग भरकटतं. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यात बिडाचे लायनर, भोवती पाणी. साधं नळाचं पाणी घालून गाडी वर्षानुवर्षं उभी ठेवली की दोन धातूंच्या मध्ये गंजाचा गाळ साचतो. मग हेड बोल्टांवर असं चिकटतं की मायस्त्रोंनी एक हेड काढायला अकरा दिवस घेतले होते. रोज थोडं तेल, थोडी ऊब, थोडा धीर. टायरसुद्धा ४०० मिलिमीटरच्या रिमचे, आजच्या इंचांतल्या मापाचे बसत नाहीत. सुदैवाने ते अजून बनतात.

ही गाडी दुर्मीळ होण्याचं मोठं कारण मात्र गंज नाही. बी-२० ला संग्राहकांत भाव आला, तेव्हा तिच्या सुट्या भागांसाठी चार दारांच्या ऑरेलिया फोडल्या गेल्या. इंजिन काढलं, मागचा गठ्ठा काढला, पत्रा भंगारात. देखण्या भावाला जगवायला साध्या बहिणीचे अवयव. मायस्त्रोंनी सांगितलं, तरुणपणी त्यांनीही चार फोडल्या. ते सांगताना त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही, आणि मीही पुढे विचारलं नाही.

त्या गॅरेजात एक वाद चालू होता. गाडीच्या मालकाला ती ‘नव्यासारखी’ हवी होती. मायस्त्रोंचं म्हणणं, भार वाहतो तो पत्रा नवा घालू, त्याला इलाज नाही. पण आतलं लोकरी कापड, स्टिअरिंगवरची झीज आणि जिथे मूळ रंग टिकला आहे तिथला रंग तसाच राहील. मालकांनी आणखी पैसे देऊ केले. मायस्त्रो म्हणाले, मग दुसरीकडे न्या. मला दोघांचंही पटत होतं. दोन ठिकाणी मूळ आणि दोन ठिकाणी नवी अशी गाडी ठिगळ लावल्यासारखी दिसते, हे मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्याने एकदा नव्याकोऱ्या रंगाखाली वर्तमानपत्राचे बोळे पाहिले आहेत, त्याचा कल कुठे जाणार?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डावी बाजू पूर्ण झाली आणि आतल्या नळ्या कापून काढल्या. मायस्त्रोंनी दरवाजांकडे बोट केलं. मी आधी मागचा लावला, मग पुढचा, दोन बोटांनी. आवाज फार झाला नाही. लाकडी पेटीचं झाकण बसावं तेवढाच.

निघताना त्यांनी कापलेल्या उंबऱ्याचा वीतभर तुकडा मला दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसाने तो उलगडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि परत गुंडाळून दिला. त्यानंतर पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली होती ती. बातमीतला फोटो मी भिंग घेऊन पाहिला. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा बंद होता. वरची फट आणि खालची फट सारखी आहे की नाही, ते छपाईत कळत नव्हतं.